परसातली खापरं

१९८८ साली दाभोळात आमच्या वाडीत एकच टीव्ही होता, शेजारच्या काकांच्या ओटीवर. रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागलं की ओटीच काय, अंगणही भरून जायचं. ‘भारत एक खोज’ही रविवारीच लागे. त्याला मात्र काका, मी आणि दाराशी सुपारी कातरत बसलेली माझी आजी, एवढेच. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत लिहिलेल्या पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी केलेली ती ५३ भागांची मालिका. हिंदी जड, निम्मं डोक्यावरून जायचं.

एका रविवारी मोहेंजोदडो दाखवलं. मातीखालून निघालेलं आख्खं शहर! आजी म्हणाली, “आपल्या परसात काय कमी खापरं हायत रं?”

खरंच होती. माडाला आळं करताना निघायची. पांढऱ्यावर निळी नक्षी असलेला चिनीमातीचा तुकडा मिळाला तर ठिकरी खेळायला एक नंबर. वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बंदर एके काळी केवढं मोठं! पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी मायदेशी जायला इथूनच जहाजात बसला. १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी दाभोळ जाळलं. हे मला तेव्हा कुठलं ठाऊक!

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी कुदळ उचलली. चार दिवसांत सहा खड्डे. वरचं-खालचं सगळं एका घमेल्यात. विहिरीवर नेऊन काथ्यानं घासून लख्ख केलं. वाडी बघायला लोटली. काका म्हणाले, “लेका, तुलाच टीव्हीत दाखवायला हवं!” मी आठवडाभर हवेत.

पुढे बऱ्याच वर्षांनी पुरातत्त्व शिकणारी एक मुलगी बंदराच्या जुन्या खुणा बघत आमच्याकडे आली. मी ऐटीत बिस्किटाचा डबा पुढे केला. ती हरखली. मग विचारलं, “कुठल्या खड्ड्यातलं? किती खोल? सोबत काय होतं?”

मी गप्प.

“काका, नुसतं खापर अर्धंच बोलतं. बाकीचं थर सांगतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. मध्ये राख लागली, नाणं मिळालं, की काळ लावता येतो.”

राख म्हटल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. एका खड्ड्यात हातभर खाली काळी, राखट माती लागली होती. ती मी फावड्यानं ओढून अळवाच्या वाफ्यात टाकली होती. ती १५०८ची होती की कुणाच्या चुलीतली, आता कोण सांगणार?

तिच्याकडूनच मॉर्टिमर व्हीलर हे नाव कळलं. १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना थर वाचायची शिस्त त्यांनी इथल्या तरुणांना लावली. तेच व्हीलर पुढे इंग्लंडात जुन्या वस्तू ओळखायच्या टीव्ही कार्यक्रमामुळे घरोघरी पोचले. म्हणजे गोडी आणि शिस्त एकाच माणसाकडे होती. माझ्यापर्यंत आधी गोडी आली, शिस्त फार उशिरा.

टीव्हीला मी बोल लावत नाही. तो नसता तर आम्ही अजून ठिकरीच खेळत असतो. आता आमच्या रत्नागिरीची कातळशिल्पं टीव्हीवर, मोबाइलवर दिसतात आणि वाडीतली पोरं “आपल्याकडे काय हाय?” म्हणून माझ्याकडे येतात. मी डबा दाखवतो. राखेची गोष्टही सांगतो, न लपवता.

परसाचा एक कोपरा तेवढा माझ्या कुदळीतून सुटला. मुलानं नवी न्हाणी तिथेच आखली होती. मी हट्टानं ती पलीकडे सरकवायला लावली. तो कोपरा कुणीतरी नीट वाचील म्हणून तसाच ठेवलाय.