गॅलरीला मार्क किती?

गेल्या आठ महिन्यांत मी १९ घरं बघितली. एवढी तर स्थळंही बघितली नव्हती. (आईच्या मते तोच तर प्रॉब्लेम आहे!)

प्रकार मात्र अगदी तोच. आधी फोटो येतात, ते खऱ्यापेक्षा नेहमीच उजळ. मग मध्यस्थ सांगतो, ‘मॅडम, लवकर कळवा, दुसरीकडूनही विचारणा आहे.’ मग आपण रविवारी जायचं, बाथरूमचा नळ सोडून बघायचा, खिडकीतून उगीचच खाली डोकवायचं आणि निघताना ‘घरी बोलून सांगतो’ म्हणायचं.

बीकेसीतल्या ऑफिसात माझा सगळा दिवस आकड्यांत जातो. त्यामुळे घरासाठीही मी एक झकास एक्सेल शीट बनवली. कार्पेट एरिया, स्टेशनपासूनचं अंतर, मेंटेनन्स, पाणी, सोयीसुविधा, ईएमआय. प्रत्येक रकान्याला दहापैकी मार्क. बेरीज जास्त, ते घर आपलं. भावनाबिवनांचा प्रश्नच नाही. मी प्रॅक्टिकल मुलगी आहे, असं मी तेव्हा अभिमानाने सांगत असे.

शीटमध्ये पहिला आला घोडबंदर रोडवरचा एक टॉवर. बावीसावा मजला, ४१० फूट कार्पेट, ९५ लाख. बांधकाम चालू, म्हणजे वर पाच टक्के जीएसटी, पावणेपाच लाख. पण सँपल फ्लॅट काय सॉलिड होता! (तिथला पलंग नेहमीपेक्षा आखूड होता आणि खोल्यांना दारंच नव्हती, हे मला घरी आल्यावर सुचलं.) बाबांना मुद्दाम दाखवायला नेलं. ते सगळीकडे फिरले, काहीच बोलले नाहीत. परतताना रिक्षात त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुला पोहता येतं?”

नाही येत. आणि माझ्या शीटमध्ये स्विमिंग पूलला दहापैकी दहा मार्क होते. ते कुठून आले, हे मला नीट माहीत होतं. एका कलीगच्या वास्तुशांतीच्या फोटोंमधून. निळंशार पाणी आणि खाली दीडशे लाइक्स!

मग आलं डोंबिवलीचं घर. आईबाबांच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या पलीकडे, तिसरा मजला, बावीस वर्षं जुनी बिल्डिंग. आणि हॉलला लांबलचक गॅलरी. समोर बदामाचं झाड. बाबा गॅलरीत गेले ते परत आतच येईनात. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, “प्रॅक्टिकल विचार कर. ४० लाखांत मिळतंय. कर्ज कमी लागेल. मी एफडी मोडतो, १२ लाख देतो.”

मलाही ते घर आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? एक लाखाच्या टोकनचा चेकही लिहिला. देण्याआधी सहज म्हणून ओसी मागितली, म्हणजे बिल्डिंग मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहायला योग्य आहे, याचा पालिकेचा दाखला. मालक हसले. “इथे कुणाकडे असते ओसी? बावीस वर्षं माणसं राहतायतच ना?”

राहतायत, हे खरंच. पण कल्याण-डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारतींतही माणसं राहतच होती. बनावट परवानग्या दाखवून महारेराचा नंबर मिळवलेल्या त्या इमारती पाडा, असा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने दिला. तिथल्या लोकांनीही आयुष्याची पुंजीच लावली होती. या घरासाठी तर बँकेनेही मंजूर नकाशा मागितला आणि तो मालकांकडे नव्हता. चेक माझ्या पर्समध्येच राहिला.

बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी आईचा फोन आला. बाबा गिरगावच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं. अभ्यास, झोप, गप्पा, सगळं बाहेर गॅलरीत. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. १९८९ साली डोंबिवलीत वन रूम किचन घेताना पंधरा हजार कमी पडले, म्हणून त्यांनी गॅलरीवाला ब्लॉक सोडून आतल्या बाजूचा घेतला. त्यानंतर कधी विषय काढला नाही. “परवा मात्र खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवून आले होते,” आई म्हणाली.

म्हणजे बघा, बाबा ज्याला प्रॅक्टिकल म्हणत होते ती पस्तीसेक वर्षांपूर्वी हुकलेली गॅलरी होती. आणि मी ज्याला प्रॅक्टिकल म्हणत होते तो दुसऱ्याच्या फोटोतला स्विमिंग पूल! दोघंही भावनेच्या भरातच होतो. तिला आकडे चिकटवून बसलो होतो, इतकंच.

मग मी शीटचे दोन भाग केले. पहिल्यात मार्कच नाहीत, फक्त पास-नापास. ओसी, रजिस्टर्ड सोसायटी, वकिलाने काढलेला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, पगाराच्या ४० टक्क्यांच्या आतला ईएमआय. इथे कुणाचं मन राखायचं नाही, स्वतःचंसुद्धा. यातून पास होतील त्या घरांसाठी दुसरा भाग. त्यात एकच प्रश्न : रात्री आठला दमून आल्यावर मी इथे काय करणार आणि कोण येणार? इथे मात्र मन म्हणेल तसं.

१९ पैकी पहिला भाग पास झाली चार. त्यातलं ठाकुर्लीचं मी घेतलं. नऊ वर्षं जुनी बिल्डिंग, ५८ लाख. कर्ज ४२ लाख, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता साडेछत्तीस हजार. म्हणजे व्याजच मुद्दलापेक्षा जास्त, हे वाचून एक रात्र झोप आली नाही. बँक स्टँप ड्युटी कर्जात धरत नाही, ती खिशातून. त्यातल्या त्यात, महिलेच्या नावावर घर असल्याने एक टक्का सवलत मिळाली, ५८ हजार वाचले. बाबांकडून पाचच लाख घेतले. बाकीची एफडी मोडू दिली नाही, त्यावरून थोडं भांडणही झालं.

किल्ली मिळाली त्या दिवशी बाबा आधी सगळे नळ सोडून आले. मग हॉलच्या खिडकीशी गेले. खाली रेल्वेचे रूळ.

“फास्ट आहे,” गाडी दिसायच्या आधीच ते म्हणाले. खरंच, लोकल ठाकुर्लीला न थांबता धडधडत गेली.

“गॅलरी नाहीये बाबा,” मी म्हटलं.

“दिसतंय मला,” ते म्हणाले, आणि पुढच्या गाडीसाठी तिथेच उभे राहिले.