नर्सरी सगळ्यात शेवटी

नव्या बंगल्याची वास्तुशांत उरकली की घरमालकांचा फोन येतो, "कुठली झाडं लावू?" बहुतेकांनी तोवर सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून टेम्पो भरून आणलेला असतो. पुण्यात बागा आखून देणं हा माझा व्यवसाय. माझं सांगणं एवढंच, की सल्ला विचारायला नर्सरीत जाऊ नका. तिथे जायचं ते यादी घेऊन.

नर्सरीवाला फसवतो असं नाही, पण त्याने तुमचं अंगण पाहिलेलं नसतं. आणि खरी गोम असते जमिनीखाली. बांधकाम संपताना विटांचे तुकडे, सिमेंटचा राडारोडा तिथेच पसरला जातो, त्यावर मुरूम आणि वर चार-सहा इंच लाल माती. सिमेंटमुळे मातीचा सामू चढतो आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. मग जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं पान दुकानात दाखवलं की हातात खताची बाटली पडते.

म्हणून सुरुवात माती परीक्षणाने करा. कृषी विभागाच्या प्रयोगशाळांत आणि अनेक कृषी विज्ञान केंद्रांत ते माफक शुल्कात होतं. फॉर्मवर गट नंबर आणि पीक विचारतात. बिचकू नका, 'बाग' लिहा. अंगणात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खणून माती घ्या, एकत्र कालवा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो द्या. अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि चुना पाहायचा. सामू 8 च्या वर असेल, तर खत टाकण्याआधी राडारोडा उपसायला हवा. निचरा तर घरीच कळतो. दीड फुटी खड्डा दोनदा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं दिसलं, तर तिथे झाड जगणं कठीण.

त्यानंतर आजूबाजूच्या गल्ल्यांतून हिंडा. जुन्या बंगल्यात काय टिकलंय, कुंपणाची भिंत कुठल्या झाडाने फोडलीय, हे तिथल्या माळीकाकांइतकं कोणी सांगणार नाही. एम्प्रेस गार्डनमध्ये एक सकाळ घालवा. 1830 साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ही बाग सांभाळते. पिशवीतलं हातभर रोप पुढे केवढं होतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. हा अंदाज महत्त्वाचा, कारण शहरात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते; चुकीच्या जागी लावलेलं झाड उद्या सहज काढता येत नाही.

सल्लागार नेमायचा असेल, तर त्याचे प्रश्न ऐका. पाण्याची टाकी कुठे, ड्रेनेजची लाइन कुठून गेलीय, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं, हे त्याने आधी विचारायला हवं. लॉन सुचवताना पाण्याचा हिशेबही द्यायला हवा. भर उन्हाळ्यात हजार चौरस फूट लॉन रोज चार-पाचशे लिटर पाणी पिते. 'रोपं आमच्याकडून घ्या, आराखडा फुकट' म्हणणाऱ्याच्या आराखड्यात रोपं दाटीने बसतात. पहिल्या दिवशी बाग भरगच्च दिसते. दोन वर्षांनी त्यातली निम्मी उपटावी लागतात. आराखड्याची फी वेगळी मोजा, ती स्वस्त पडते.

आता यादी घेऊन नर्सरीत जा. आपल्याकडची पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात, मुळांभोवती चिकणमातीचा गोळा घेऊन. हा गोळा वाळला की विटेसारखा होतो, पाणी बाजूने निघून जातं आणि रोज पाणी घालूनही रोप तहानेने मरतं. पिशवी फाडली की गोळ्याच्या कडा हलक्या हाताने मोकळ्या करा, गुंडाळलेली मुळं सोडवा, मगच लावा. उंच रोपापेक्षा लहान, भरल्या बुंध्याचं रोप घ्या. ते लवकर रुजतं.

या दिवाळीत नव्या घराचा ताबा मिळाला असेल, तर मातीचा नमुना आत्ताच काढा. मोठी झाडं जूनमध्ये लावा. मधल्या महिन्यांत कुठल्या कोपऱ्यात किती ऊन येतं, ते लिहून ठेवा. ही नोंद बाहेरचा कोणी तुम्हाला करून देऊ शकत नाही.