साडेसहाशे सीसी आणि एटापल्लीचा रस्ता

आमच्या घरातल्या पोराने कावासाकी निन्जा ६५० मनात धरली, तेव्हा आम्ही त्याला लगेच नाही म्हटलं नाही. वस्तू आधी पारखावी, मग बोलावं.

गाडी चांगलीच आहे. दोन सिलिंडरचं ६४९ सीसीचं इंजिन, १५ लिटरची टाकी. बैठक ७९० मिलिमीटर उंच, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. हायवेवर दिवसभर पळाली तरी थकायची नाही.

पण ती राहणार एटापल्लीत. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्याने जातात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं की खोली कळत नाही. गाडीच्या पोटाखाली जागा १३० मिलिमीटर, वीतभरही नाही. वजन दोनशे किलोच्या आसपास. चिखलात आडवी झाली तर एकट्याने उचलणं कठीण. सर्व्हिसिंगला नागपूर गाठायचं. मागची सीट उंच आणि अरुंद. अम्मीला दवाखान्यात न्यायचं तर बसवणार कशी?

किंमत लाखांच्या घरात. हप्त्यावर घ्यायची तर व्याज आलं, आणि ते आम्हाला नको.

पोरगा म्हणाला, "मग मला आवडूच नये का?" आवडावी की. शौक गुन्हा नाही. पण जीव अल्लाहची अमानत आहे, आणि ट्रकमागच्या धुळीत इंजिनाच्या ताकदीपेक्षा सबुरी जास्त कामी येते.

सध्या हलकी, उंच पोटाची गाडी रोखीने घ्यायची ठरली आहे. त्याचा चेहरा उतरलेला आहे. हेल्मेट मात्र त्याच्या पसंतीचं, आणि चांगल्यातलं.