जन्मगावाचे स्पेलिंग

कपाटाची किल्ली हरवली तर आपण कुलूपवाल्याला बोलावतो, फारच झाले तर हातोडा घेतो. संगणकाचा पासवर्ड आठवेना झाला की मात्र आतले सगळे जळूनच गेले असे समजून घरातली माणसे हात टेकतात. दर वेळी तसे नसते.

पासवर्ड ही गोष्ट काही फार जुनी नाही. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना काम करता यावे म्हणून खटपट करीत होते. ज्याचे काम त्याच्यापाशीच राहावे, एवढ्यासाठी प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या एका संशोधकाने, आपल्याला संगणक जास्त वेळ वापरता यावा म्हणून, सगळ्यांच्या शब्दांची यादी चक्क छापून घेतली! चोरीची परंपरा इतकी जुनी आहे. विसरण्याची त्याहून जुनी असणार, फक्त तिची नोंद कुणी ठेवली नाही.

आमची आत्या इंदूरला असते. जन्म शहापूरचा, १९४६ सालचा. आज शहापूर म्हणजे बेळगावच, पण तेव्हा ते सांगली संस्थानात होते. १९६७ साली लग्न होऊन ती इंदूरला रामबागेत गेली. सासरही मराठीच, होळकरांच्या राज्यात पिढ्यान् पिढ्या मुरलेले. तिथल्या मराठीत हिंदी इतकी सहज मिसळते की आत्याची कानडी हेल असलेली मराठी पहिली काही वर्षे घरात करमणुकीचा विषय होती. हळूहळू तो हेल गेला. यजमान वारल्यावर नातवाने तिला लॅपटॉपवर मराठी टाइप करायला शिकवले आणि ती शहापूरच्या आठवणी लिहू लागली. कुणी मागून डोकावू नये म्हणून नातवाने घातलेला पासवर्डही तिने स्वतः बदलला. घरात तिचा असा एक कोपरा तेवढाच होता.

डिसेंबर २०२३ मध्ये मी एका लग्नासाठी इंदूरला गेले, तेव्हा तो कोपरा पंधरा दिवसांपासून बंद होता. मधे तिला टायफॉइड झाला होता. बरी होऊन उठली तर पासवर्ड आठवेना. आतेभावाने लॅपटॉप जेल रोडवरच्या एका दुकानात नेला. तिथे निदान झाले, "फॉर्मेट मारना पड़ेगा." म्हणजे सगळे पुसून कोरी पाटी करायची. दोन वर्षांचे लिखाण होते त्यात. आत्या कुणाला काही बोलली नाही, पण जेवण अर्ध्यावर आले होते, असे वहिनी म्हणाली.

हे "फॉर्मेट" प्रकरण नीट समजून घ्यायला हवे, कारण आपल्याकडेही दुकानदार सर्रास तेच सांगतात. सुरुवातीला विचारला जाणारा पासवर्ड हे घराच्या दाराचे कुलूप असते. आतली तिजोरी वेगळी. डिस्कवरचा मजकूरच सांकेतिक रूपात ठेवलेला नसेल, तर ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि कागदपत्रे सहीसलामत उतरवून घेता येतात. मजकूर सांकेतिक असेल तर मात्र प्रश्न गंभीर. विंडोजमध्ये या सोयीला बिटलॉकर म्हणतात आणि पासवर्ड विसरून डिस्क दुसरीकडे जोडायची तर तिची ४८ आकडी किल्ली लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण तिथेही नसेल तर मजकूर खरोखरच गेला. म्हणून पुसायला सांगण्याआधी, यातले कोणते कुलूप लागले आहे एवढे तरी दुकानदाराने पाहायला हवे. इथे ते कुणी पाहिले नव्हते.

मी आधी साध्या गोष्टी पाहिल्या. कॅप्स लॉक चालू नव्हते. आत्या मराठीत लिहिते, तेव्हा कळफलक मराठीवरच राहिला असेल अशी शंका होती. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे हे कळत नाही. बाजूचे डोळ्याचे चिन्ह दाबून पाहिले, अक्षरे इंग्रजीच उमटत होती. खाते इंटरनेटशी जोडलेले असते तर मोबाइलवरून पासवर्ड बदलता आला असता. पण नातवाने ते फक्त त्या यंत्रापुरते उघडले होते. अशा खात्यांसाठी विंडोज १० मध्ये २०१८ पासून एक सोय आहे. खाते उघडताना सहांपैकी तीन प्रश्न निवडून उत्तरे द्यायची; पासवर्ड चुकला की खाली तो बदलण्याचा दुवा दिसतो, तीच उत्तरे द्या आणि नवा पासवर्ड घाला.

सहा प्रश्नांपैकी एक आहे, तुमचे आईवडील कोणत्या शहरात भेटले? आत्या म्हणाली, "अंतरपाट निघाल्यावर भेटले!" तो प्रश्न नातवाने गाळला होता. समोर आले ते तीन असे : जन्माचे शहर, लहानपणीचे लाडके नाव आणि सर्वांत मोठ्या कझिनचे नाव.

आपल्याकडे या गोष्टी गुप्त कसल्या, सगळ्या गल्लीला ठाऊक असतात. पण रामबागेतल्या त्या घरात त्या खरोखरच गुप्त होत्या. आतेभावाला आईचे लाडके नाव माहीत नव्हते. वहिनीला तर नाहीच. मला ते वडिलांकडून ऐकून माहीत होते. शेजारच्या कानडी अक्का तिला "तंगी" म्हणत, धाकटी बहीण या अर्थाने. "हे सासरी कसं सांगणार गं?" आत्या म्हणाली. "यांना वाटलं असतं, माहेरी पैशाची तंगी होती."

कझिनचा घोळ मोठा. चुलत, आते, मामे की मावस? इंग्रजीला फरक नाही, आपल्याला आहे. पण आत्याला चारही घरांचा हिशोब तोंडपाठ. सर्वांत मोठा निपाणीचा मावसभाऊ वसंत, हे तिने क्षणात सांगितले. महिन्यापूर्वीचा शब्द आठवत नव्हता आणि सत्तर वर्षांपूर्वीची माणसे ओळीने उभी होती.

अडले ते गावावर. आधी शहापूर घालून पाहिले. नाही. मग बेळगाव. पण इंग्रजीत कसे? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, म्हणून ते घातले. नाही. आत्याच्या मॅट्रिकच्या दाखल्यावरचे, शेवटी यू-एम असलेले जुने स्पेलिंग घातले. तेही नाही. ज्या नावावरून आपल्याकडे इतकी वर्षे मोर्चे निघाले, ते त्या यंत्रालाही पटेना. नातवाला फोन केला, तर काय लिहिले होते ते त्यालाही आठवत नव्हते. तेव्हा लक्षात आले, उत्तर आत्याने सांगितले असेल, पण टाइप केले ते इंदूरच्या पोराने. त्याच्या हिंदीत गाव म्हणजे जी-ए-ओ-एन. बी-ई-एल-जी-ए-ओ-एन घातले आणि नवा पासवर्ड विचारणारी चौकट आली.

"आता बाहेर जा सगळे," आत्या म्हणाली. आम्ही गेलो.

नंतर तिने लिखाणाची एक प्रत पेन ड्राइव्हवर करून माझ्या हातात दिली. वर ताकीद, "मी आहे तोवर उघडायची नाही." ती बेळगावला माझ्या कपाटात तशीच आहे. गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला होता. अक्कांच्या पडवीतल्या जात्याबद्दल लिहिते आहे, कानडी शब्द हवा होता. मी म्हटले, बीसो कल्लु. "हां, तेच," ती म्हणाली आणि दोन वेळा मोठ्याने म्हणून पाहिले.