मांजरसुंब्याच्या चौकात

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघालो, पाली मागे टाकली आणि घाट चढून मांजरसुंब्याला आलो. वर बालाघाटचे कोरडे पठार. चौकातून एक वाट नगरकडे, एक केज-अंबाजोगाईकडे, एक सोलापूरकडे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते याच वाटांनी बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल घेतलेली, सोबत लेकरे.

चौकात चहा घेताना आम्हाला २०२० साल आठवले. २५ मार्चपासून देश बंद. राज्यात लाखाहून अधिक तोडकरी कारखान्यांजवळच्या पालांवर अडकले. भीमजयंतीही तिथेच गेली. १७ एप्रिलला शासनाने गावी परतण्याची परवानगी दिली.

घर गाठले, पण शाळेला कुलूप. खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ला उघडले. ज्या घरात मोबाईल नाही, तिथे मोबाईलवरची शाळा कुठली?

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली, मुदत २०३०. घाटातला रस्ता रुंद झाला, हा विकास खराच. पण साथ आली की ज्याचे काम, निवारा आणि लेकरांची शाळा एकदम जाते, त्याच्यापर्यंत तो पोचला कुठे?

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांचा निर्णय शासनाने २०२१ साली घेतला. बांधवांनो, भगिनींनो, त्याची चौकशी करा, हक्काने जागा मागा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. आईबापाच्या हाती कोयता असला, तरी लेकरांच्या हाती पाटीच हवी.

जयभीम!