कागद नको, सोबत या

आमच्या मेसच्या मावशी परवा सुजलेल्या डोळ्याने पोळ्या लाटत होत्या. "पडले गं माय," म्हणाल्या. मी कॉन्व्हेंटवाली, लगेच २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सांगितला: घटस्फोट न घेताही संरक्षण मिळतं, राहत्या घराचा हक्क मिळतो. मावशी म्हणाल्या, "कागद नको, सोबत या."

मित्रांनो, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. कायदा नव्हता, तरी भिल्ल बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. एकटीदुकटीला ते जमलं नसतं. सोमवारी संरक्षण अधिकाऱ्यांकडे मावशींसोबत आम्ही चौघी जातोय. पाचवी कोण येतंय?