तरफेच्या तारा आणि परका सूर

'फ्यूजन' हा शब्द मराठीत आला तो एका संशयाला सोबत घेऊनच. कुणी हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सौम्य नापसंती उमटते: दोन्हीकडचे थोडे थोडे घेतले, एकीकडचेही नीट घेतले नाही, असा तिचा आशय असतो. ही नापसंती मला परकी नाही. माझे आजोबा सतार वाजवत. मैफिलीत नव्हे, घरातच, पण रोज. वाजवण्यापेक्षा वाद्य मिळवण्यातच त्यांचा अधिक वेळ जाई, आणि तरफा मनासारख्या बोलेपर्यंत ते पहिला सूरही छेडत नसत. अशा घरात कान घडले की सतारीच्या जोडीला गिटार आणि ड्रम्स ऐकताना मन आधी सावध होते.

तरीही गेली अनेक वर्षे मी 'ऑरेगन' या अमेरिकन संचाकडे पुन्हा पुन्हा वळत आले आहे. राल्फ टाउनर आणि बासवादक ग्लेन मूर यांची ओळख ऑरेगन विद्यापीठात झाली. त्यावरून संचाला हे नाव मिळाले. पुढे ते दोघे, ओबो वाजवणारे पॉल मॅककॅन्डलेस आणि सतार-तबला वाजवणारे कॉलिन वॉलकॉट हे पॉल विंटर यांच्या संचात एकत्र आले आणि १९७० च्या सुमारास त्यांनी स्वतःची वाट धरली. टाउनर व्हिएन्नात अभिजात गिटार शिकलेले. वॉलकॉट यांनी विद्यापीठात पाश्चात्त्य तालवाद्यांचे शिक्षण घेतल्यावर रविशंकरांकडे सतारीचे आणि अल्लारखाँकडे तबल्याचे धडे घेतले. १९६५ नंतर सतार हे पाश्चात्त्य तरुणांचे फॅशनेबल वाद्य झाले होते. अनेक ध्वनिमुद्रणांत ती केवळ अगरबत्तीच्या धुरासारखी दरवळत राही. वॉलकॉट त्या लाटेच्या काळातले असले, तरी त्या लाटेतले नव्हते.

गिटार आणि सतार एकत्र वाजवणे किती अवघड आहे, हे दोन्ही तंतुवाद्ये असल्यामुळे चटकन ध्यानात येत नाही. गिटारचे पडदे पक्के बसवलेले असतात आणि त्यांनी सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. सतारीचे पडदे सरकवता येतात, शिवाय तार खेचून दोन पडद्यांमधल्या अवघ्या प्रदेशात फिरता येते. षड्जाच्या नादातून स्वयंभू उमटणारा गंधार गिटारच्या गंधाराहून सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. आकडा लहान, पण कान तयार असेल तर हे अंतर सुईसारखे टोचते.

याहून मोठी अडचण स्वरसंहतीची. जाझमध्ये कॉर्ड सतत बदलतात. पायाखालची जमीन सरकत राहणे हाच त्या संगीताचा आनंद आहे. सतार मात्र एका षड्जाशी बांधलेली. तिच्या तरफा आधीच रागाच्या स्वरांत मिळवलेल्या असतात, त्या छेडल्याविनाच झंकारतात आणि वादकाने सांगितले म्हणून थांबत नाहीत. गिटारने मध्येच वेगळ्या स्वराचे घर बांधले तर तरफा जुन्याच घराची आठवण गुणगुणत राहतात. स्मृती असलेले वाद्य आणि स्थलांतर करणारे संगीत यांना एकत्र नांदवायचे आहे, असा हा प्रश्न आहे.

ऑरेगनने तो सोडवला तो बहुधा संयमाने. सतार प्रत्येक रचनेत असलीच पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. कित्येकदा वॉलकॉट तबल्यावरच असत. जिथे सतार येते तिथे टाउनर अनेकदा बारा तारांची गिटार घेतात. तिच्या जोडतारांना एक झंकार असतो, सतारीच्या तरफांचा दूरचा नातलग शोभावा असा. दोन्ही वाद्ये एकमेकांची नक्कल करत नाहीत. एकमेकांना ऐकू येईल इतकी जागा मात्र ठेवतात. १९७५ मध्ये वॉलकॉट यांनी 'क्लाउड डान्स' ध्वनिमुद्रित केले. तिथे गिटारवर जॉन ॲबरक्रॉम्बी, बासवर डेव्ह हॉलंड आणि ड्रम्सवर जॅक डिजॉनेट आहेत. हे तिघे जाझचे कसलेले वादक. पण सतारीपाशी ते पाहुण्याशी बोलावे तसे आवाज मुद्दाम मऊ करून बोलत नाहीत, हे मला त्या ध्वनिमुद्रणातले विशेष वाटते.

माझी जुनी अस्वस्थता यामुळे संपली का? नाही. विलंबित आलापीत एकेक स्वर उलगडत जाण्याचा जो धीर आहे, तो इथे नाही. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, त्यांच्या चालण्याची रीत. ती रीत इथे पुष्कळदा सुटते. पण या हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये ब्रिजभूषण काब्रांनी गिटार वाजवली ती आडवी ठेवून, तारांवर पट्टी सरकवून. आपल्याकडे गिटार रागदारीत आली ती स्वतःचे पडदे आणि कॉर्ड विसरून; तेव्हा कुणा स्पॅनिश रसिकाच्या हानीचा विचार आपण केला नाही. बालगंधर्वांच्या पदांमागे वाजणारा ऑर्गन आज आपल्याला परका वाटत नाही, आणि आकाशवाणीने तीस वर्षे दूर ठेवलेली पेटी मैफिलीतून हलली नाही. जे आपल्याकडे आले ते 'आत्मसात' आणि जे आपल्याकडून गेले ते 'भ्रष्ट', ही वाटणी सोयीची आहे, न्यायाची नाही.

भाषांतर शिकवताना हाच पेच माझ्यापुढे येतो. मुळात असलेले सगळे आणण्याचा आग्रह धरणारा भाषांतरकार शेवटी काहीच आणत नाही. आणि काहीही सोडायला तयार असलेला फक्त स्वतःलाच लिहीत बसतो. काय सोडले याची जाणीव शाबूत ठेवून सोडणे, ही तिसरी वाट. वॉलकॉट यांनी आलाप सोडला तो माहीत नसल्यामुळे नव्हे. गुरूपुढे बसून शिकलेल्या माणसाने सोडणे आणि दुकानातून वाद्य आणलेल्याने सोडणे यांत फरक आहे, आणि तो ऐकू येतो.

८ नोव्हेंबर १९८४ रोजी, तेव्हाच्या पूर्व जर्मनीत माग्देबुर्गजवळ संचाच्या बसला अपघात झाला आणि वॉलकॉट गेले. वय अवघे ३९. महिनाभर आधी ध्वनिमुद्रित केलेले 'क्रॉसिंग' पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले. पुढे त्यांच्या जागी त्रिलोक गुर्टू आले: मुंबईत जन्मलेले, ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. १९८७ च्या 'इकोटोपिया'त त्यांचा तबला आहे. तबल्याची जागा भरली, तीही ज्या शहरात तबला घराघरांतून ऐकू येतो तिथून आलेल्या माणसाने. सतारीची जागा मात्र संचाने कुणालाच दिली नाही.

या निर्णयाचा मी बराच विचार केला आहे. सतार ही त्यांच्यासाठी निव्वळ रंगछटा असती तर दुसरा सतारवादक मिळणे अशक्य नव्हते. अलंकार बदलता येतो. एका माणसाने दोन परंपरांमध्ये स्वतः झिजून तयार केलेली पायवाट दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. परंपरांचा संगम असे आपण सहज म्हणतो. खरे तर परंपरा कधी भेटत नाहीत. भेटतात ती माणसे, आणि त्यांच्यातले एक गेले की संगमही तेवढाच आटतो. विद्यार्थी मला विचारतात, दुसऱ्याच्या परंपरेवर आपला हक्क किती? मला वाटते, हक्काआधी तिच्यापाशी किती काळ बसलो हे विचारावे. तरफा मिळवायला वेळ लागतो.